थंडीत तलावाच्या पाण्याखाली कॅमेरा: एका दिवसाची तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

धान कापून झालं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या तलावांचं पाणी निवळायला लागतं आणि नवा अ‍ॅक्शन कॅमेरा घेतलेली पोरं मोटरसायकलवर तलाव गाठतात. संध्याकाळी कार्डात निघतो तो हिरवा-पिवळा धूर, काचेवर आतून धरलेली वाफ आणि कुणाच्या तरी पायाचा अंगठा. यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. आधी करायची कामं नंतर आणि नंतरची आधी झालेली असतात.

तळाचा बारीक गाळ एकदा उठला की तो तासन्‌तास खाली बसत नाही. म्हणजे स्वच्छ पाणी मिळतं ते उतरल्यावरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच. सेटिंग, पट्टा, मास्क, कोण कुठे उभा राहणार, ही कामं त्या वेळात करत बसलात तर दिवस गेला. ती घरी किंवा काठावर उरकायची.

पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन, म्हणजे स्कूबाने, उतरायचं का? पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून त्याचं आधीच सांगतो. मामा (माजी मालगुजारी) तलावात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गावतलावांत, बहुतेक ठिकाणी पाणी दोन-तीन मीटरच्या आत असतं. पाठीवर सिलिंडर घेतलेला माणूस तिथे तळाशीच घासत राहतो आणि क्षणात गाळ उठवतो. गाळात फाटक्या जाळ्यांचे तुकडे असतात, सिलिंडर भरून देणारा कॉम्प्रेसर जवळपास नसतो. प्रमाणपत्र असलेल्यांनीही स्कूबाचा सराव समुद्रावर करावा. इथे मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि तरंगायला ट्यूब पुरते.

टप्पा १: तलाव निवडणं आणि परवानगी (निदान आठवडाभर आधी)

डिसेंबरची सुरुवात ते जानेवारीअखेर हा काळ धरा. त्याआधी पावसाचा गढूळपणा पुरता गेलेला नसतो. फेब्रुवारीत ऊन तापलं की शेवाळ वाढतं आणि रब्बीसाठी पाणी सोडून पातळीही उतरलेली असते.

तीन ठिकाणी विचारायचं, आणि याच क्रमाने:

१. मच्छीमार सहकारी संस्था. तलाव त्यांच्याकडे ठेक्याने असतो. जाळी कुठे लावली आहेत, मासे कधी काढणार आहेत, हे ग्रामपंचायतीला नव्हे, ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना ठाऊक असतं. अध्यक्षांना फोन करून भागत नाही. रोज पाण्यात डोंगा (छोटी होडी) घालणाऱ्या माणसाशी बोला.

२. ग्रामपंचायत. तलाव जिल्हा परिषदेचा आहे की जलसंपदा विभागाचा, हे तिथे कळेल. ज्याचा असेल त्याला साधा अर्ज द्या, पोच घ्या.

३. वन विभाग, तलाव जंगलाला लागून असेल तर. अभयारण्यातले आणि व्याघ्र प्रकल्पातले तलाव यादीतून सरळ खोडून टाका. नवेगावबांधचा तलाव कितीही खुणावत असला तरी.

जंगलाजवळच्या तलावावर सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर थांबू नका. पूर्व विदर्भात वाघ, बिबट, अस्वल पाण्यावर येतात हे तुम्हाला सांगायला नको. पण कॅमेऱ्याच्या नादात ते विसरलं जातं.

शेतातली विहीर हा पर्याय बरेच जण सुचवतात, कारण पाणी काचेसारखं दिसतं. विहिरीत उतरू नका. बाहेर पडायला धड पायऱ्या नसतात, खाली दूषित हवा साचलेली असू शकते आणि मोटरीची केबल पाण्यात असते.

टप्पा २: काठाची पाहणी (एक-दोन दिवस आधी, कॅमेऱ्याशिवाय)

ही फेरी टाळणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त आणि पस्तावणाऱ्यांचीही. कॅमेरा मुद्दाम घरी ठेवा, नाहीतर पाहणी होत नाही, फोटो होतात.

आधी धोके पाहा. एका फेरीत इतकं कळतं:

– पाण्यात सोडलेले मोटरपंप. शेतकऱ्यांच्या पंपांना ऑटो स्विच लावलेला असतो. थ्री फेज लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. आत्ता बंद दिसते म्हणून तिच्याजवळ जाणं मूर्खपणा आहे. जोड दिलेली केबल पाण्यात पडलेली असेल तर तो काठच सोडा.

– तुडूम, म्हणजे पाळीतून (तलावाच्या बांधातून) पाणी सोडायची जागा. पाणी सोडलेलं असताना तिथे ओढ असते आणि ती वरून दिसत नाही. त्या दिवशी पाणी सोडणार आहेत का, हे पाणी सोडणाऱ्यालाच विचारा.

– पाळीच्या पायथ्याचा खोलगट भाग. पाळ उभारायला माती तिथूनच उचललेली असते. शिवाय गाळमुक्त धरण योजनेत पोकलेन लावलेल्या तलावांत अचानक उभे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात जातो.

– विसर्जनाची जागा. तिथे तळाला बांबू, तार, खिळे असतात. गणपती आणि शारदा दोन्हींची जागा विचारून घ्या. ती कधी कधी वेगळी असते.

– शिंगाड्याची लागवड. काटे तर आहेतच, फवारणीही झालेली असते. आणि ते कुणाचं तरी पीक आहे.

– मगर. आहे का, कधी दिसली का, हे म्हाताऱ्या माणसाला विचारा. नुसतं "बहुतेक नाही" असं उत्तर आलं तर दुसरा तलाव.

मग काठ निवडा. कपडे धुण्याचा आणि जनावरं धुण्याचा घाट नको. पाणी गढूळ असतं हे एक. दुसरं म्हणजे तिथे बायाबापड्या असतात आणि हातात कॅमेरा घेतलेल्या परक्या पोरांबद्दल गावात काय बोललं जाईल याची कल्पना करा. जिथे तळाला मुरूम किंवा दगड आहे अशी उतरण शोधा. पायाखाली लोण्यासारखा गाळ लागला तर ती जागा बाद.

वाऱ्याकडे लक्ष द्या. तरंगणारा कचरा आणि शेवाळ वाऱ्याने पलीकडच्या काठाला जाऊन साचतं, लाटांनी तिकडचा गाळही उठतो. त्यामुळे वारा पाठीवर येईल तो काठ निवळ. हिवाळ्यात वारा बऱ्याचदा उत्तरेकडून असतो, म्हणून उत्तरेचा काठ आधी पाहा. याची दुसरी बाजू अशी की वारा पाठीवर असला की तो तुम्हाला काठापासून आत ढकलतो. त्याचा बंदोबस्त टप्पा ५ मध्ये आहे.

शेवटी पाणी मोजा. २० सेंटिमीटरची थाळी किंवा डब्याचं झाकण घ्या, चार भाग करून एक आड एक पांढरा-काळा रंगवा, खाली दगड बांधा, दोरीला दर २५ सेंटिमीटरवर गाठ मारा. डोंग्यातून सावलीच्या बाजूने सोडा. थाळी दिसेनाशी होईल ती खोली म्हणजे तुमची दृश्यता.

तपासणी: दीड मीटरच्या वर असेल तर उत्तम. एक ते दीड मीटर असेल तर फक्त जवळची चित्रं निघतील. एक मीटरच्या आत असेल तर पाण्यात उतरू नका. काठावरून बांबूला कॅमेरा बांधून काय मिळतं ते घ्या.

टप्पा ३: कॅमेऱ्याची तयारी (आदल्या संध्याकाळी, घरी)

आजकालचे बरेच अ‍ॅक्शन कॅमेरे वेगळ्या केसशिवाय, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या डबीशिवाय, १० मीटरपर्यंत चालतात. तरी केस असेल तर लावा, कारण तलावात ओरखडे पडतात. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही आणि आयपी ६८ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा स्थिर, स्वच्छ पाण्यातल्या चाचणीवर मिळतो, गाळात पोहण्यावर नाही.

१. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्ड रिकामं करा. चार्ज झाल्यावर कॅमेरा अर्धा तास थंड होऊ द्या. गरम बॅटरीसकट केस बंद केली की उद्याच्या वाफेची सोय आजच झाली.

२. केसची रबरी रिंग बोटाने काढा. पिन, चाकू नको. उजेडात फिरवून पाहा: चीर, चपटेपणा, डोक्याचा केस, वाळूचा कण. पाणी आत यायला डोक्याचा एक केस पुरेसा असतो. रिंग आणि तिची खाच दोन्ही तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. सूती रुमाल नको, त्याचे धागे सुटतात.

३. सिलिकॉन ग्रीसचा तांदळाएवढा थेंब बोटांवर घेऊन रिंगवरून फिरवा. रिंग चमकली की बस. जास्त ग्रीस लावल्याने पाणी अडत नाही, कचरा मात्र चिकटतो. व्हॅसलीन, खोबरेल तेल वापरू नका.

४. केस आधी रिकामी तपासा. आत टिश्यूचा तुकडा ठेवून बंद करा, बादलीच्या तळाशी वीटेखाली अर्धा तास दाबून ठेवा. बाहेर काढून वरून पुसा, मग उघडा. टिश्यू कोरडा असेल तरच कॅमेरा आत.

५. कोरड्या खोलीत, पंखा बंद करून, आत सिलिका जेलची पुडी किंवा वाफ शोषणारी पट्टी घालून केस बंद करा. पुडी रिंगखाली येत नाही ना, बघा.

वाफ कुठून येते ते कळलं की पुढच्या चुका होत नाहीत. केसमध्ये कोंडलेल्या हवेत ओल असते. कॅमेरा चालू झाला की ती हवा तापते, बाहेरून थंड पाणी काच गार करतं आणि आतली ओल काचेवर धरते. तलावाच्या काठावर, दमट हवेत, ओल्या हातांनी केस उघडून "जरा बॅटरी बदलतो" म्हणणाऱ्याच्या चित्रात धुकं येणारच. एकदा केस बंद झाली की ती घरी येईपर्यंत उघडायची नाही. एका बॅटरीत जेवढं होईल तेवढंच काम ठरवा.

सेटिंगही आजच. कच्च्या स्वरूपात फोटो साठवण्याची सोय असेल तर ती चालू करा, शटर १/१२० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका, आयएसओची (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याची) कमाल ८०० ठेवा. समुद्रासाठी मिळणारं लाल फिल्टर घरी ठेवा. ते निळ्या पाण्यासाठी असतं. आपल्या तलावात शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याच्या अंशामुळे निळा प्रकाश आधी शोषला जातो, म्हणून सगळं हिरवं-पिवळं दिसतं. मीटर-दीड मीटर खोलीवर फिल्टरची गरजच नसते. ते फक्त उजेड खातं.

टप्पा ४: माणसं आणि सामान

किमान तिघे हवेत. एक पाण्यात, एक कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून, एक काठावर कोरडा. दोघे गेलात तर काही झाल्यावर मदत आणायला जाणारा आणि पाण्यातल्याला धरणारा एकच उरतो. तिघांनाही पोहता आलं पाहिजे. काठावरच्याच्या हातात मोबाइल नसावा, नजर पाण्यावर असावी.

सामानात ट्रॅक्टरची ट्यूब हवीच. तिचा वॉल्व्ह पोटात घुसतो, त्यावर कापड गुंडाळून टेप मारा. ट्यूबवर पालथं पडून, मास्क लावलेलं डोकं काठाबाहेर काढून खाली पाहायचं. पाय तळाला लागतच नाहीत, गाळ उठत नाही, दम लागत नाही. पट्टीचे पोहणारे ट्यूबला नाक मुरडतात आणि त्यांच्याच चित्रांत सर्वांत जास्त धूर असतो.

बाकी वस्तू: २० मीटर नायलॉन दोरी, दीड-दोन मीटरचा हलका बांबू, कॅमेऱ्याला नारिंगी तरंगणारी मूठ आणि मनगटाचा पट्टा, छोटी धारदार कात्री (जाळ्यात अडकलात तर), मत्स्यटाकीसाठी मिळतो तसा थर्मामीटर, पांढऱ्या प्लास्टिकची ताटली, स्वच्छ पाण्याचा झाकणाचा डबा, प्रत्येकी दोन टॉवेल, कोरडे कपडे, कानटोपी, थर्मासमध्ये चहा.

अंगात काय घालायचं? ३ मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) मिळाला तर घ्या. तो तरंगवतोही. नसेल तर अंगाला घट्ट बसणारे पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला. त्यांनी थंडी फारशी अडत नाही, पण ओरखडे आणि जळवा अडतात. लोकरीचं स्वेटर घालून पाण्यात उतरू नका, भिजलं की ते जड होतं.

सकाळी रिकाम्या पोटी निघू नका. आणि तर्री पोहे परतीच्या वाटेवर खा. स्नॉर्केलमधून तर्रीचे ढेकर येतात तेव्हा काय होतं ते अनुभवायची गरज नाही.

टप्पा ५: काठावर (साडेदहा ते साडेअकरा)

डिसेंबरअखेर आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. कललेल्या उन्हाचा बराच भाग पाण्यावरून परावर्तित होतो, त्यामुळे सकाळी आठला कितीही सुंदर धुकं असलं तरी पाण्याखाली अंधार असतो. चित्रीकरणाची वेळ साडेअकरा ते एक. त्याआधीचा तास या कामांना:

१. पाण्याचं तापमान मोजा, गुडघाभर खोलीवर. माझा हिशेब असा: २४ अंशांच्या वर असेल तर अर्धा तास. २० ते २४ असेल तर वेटसूटशिवाय पंधरा-वीस मिनिटं. २० च्या खाली वेटसूटशिवाय उतरायचं नाही.

२. दोरी ट्यूबला बांधा, माणसाच्या कमरेला नाही. दुसरं टोक पाण्यात उभ्या असलेल्याच्या हातात. वारा आत ढकलतो त्याचा हाच बंदोबस्त.

३. खुणा ठरवा. हात डोक्यावर म्हणजे ठीक. हात आडवा हलवला म्हणजे ओढा. दोरीला तीन झटके म्हणजे लगेच बाहेर.

४. मास्कच्या आतून लहान मुलांच्या शॅम्पूचा थेंब फिरवून हलकं विसळा. मास्क नवा असेल तर आदल्या दिवशी टूथपेस्टने घासून धुतलेला हवा, नाहीतर काहीही लावलं तरी वाफ धरणार.

५. कॅमेरा सावलीत, ओल्या कापडाखाली ठेवा. उन्हात तापलेला कॅमेरा थंड पाण्यात घातला की टप्पा ३ ची मेहनत वाया.

इशारा: अंगावर ताजी जखम असेल तर त्या दिवशी काठावरचं काम घ्या. जनावरं उतरणाऱ्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा (जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या तापाच्या आजाराचा) धोका असतो.

टप्पा ६: पाण्यात उतरणं

उडी मारू नका. गार पाण्याने पहिल्या एक-दोन मिनिटांत आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, छाती धडधडते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. चांगले पोहणारे इथेच फसतात.

कमरेएवढ्या पाण्यात जा, थांबा. हात, मान, चेहरा ओला करा. श्वास शांत झाला की ट्यूबवर पालथे व्हा. चेहरा पाण्यात घालून स्नॉर्केलने वीस श्वास घ्या, कॅमेरा न घेता. सगळं ठीक वाटलं की मगच दोरीवाल्याकडून कॅमेरा घ्या, पट्टा मनगटात अडकवा.

कॅमेरा पाण्यात बुडवून अर्धा मिनिट काचेकडे बघा. बुडबुड्यांची सलग रेघ निघाली तर लगेच वर. काचेच्या बाहेर चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा. हे विसरल्याने सबंध दिवसाच्या चित्रांत पांढरे गोल आलेले मी कितीतरी जणांचे पाहिले आहेत.

टप्पा ७: चित्रीकरण

आधी पांढरी ताटली त्याच खोलीवर धरून व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे तिथे पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखवा. कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर ताटलीचा एक फोटो घ्या, घरी रंग जुळवताना कामी येतो.

मग जवळ जा. पाण्याखाली वस्तू असते त्यापेक्षा साधारण पाव हिस्सा जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. डोळा म्हणतो "पोहोचलो", कॅमेऱ्याला मधे धूळ दिसते. दृश्यता दीड मीटर असेल तर विषय ३०–४० सेंटिमीटरवर हवा. त्याहूनही जवळ जाऊ नका, बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचा फोकस तिथे बसत नाही. बांबू इथे कामाचा: तुम्ही ट्यूबवर, कॅमेरा बांबूच्या टोकाला, माशाला माणूस दिसत नाही.

कॅमेरा वरून खाली धरला की चित्रात फक्त तळ येतो. तो पाणवनस्पतींच्या उंचीवर आणा आणि किंचित वर रोखा, म्हणजे कमळाचे देठ, पानांच्या खालच्या बाजू आणि वरचा उजेड मिळतो. उत्तरेच्या काठावरून उतरला असाल तर दक्षिणेला तोंड करून देठांच्या सावल्या घ्या आणि काठाकडे वळून, ऊन पाठीवर ठेवून, माशांचे रंग. टॉर्च लावायचाच असेल तर बाजूने धरा. लेन्सशेजारून समोर मारलेला उजेड पाण्यातला प्रत्येक कण पांढरा करतो.

मासा दिसला की मागे लागू नका. कॅमेरा एका जागी धरून दोन मिनिटं थांबलात की बारके मासे स्वतःच बघायला येतात. मरळ मात्र येत नाही, तिला शोधायचं तर गवताची कड धरून हळूहळू सरका. पाणदिवड दिसली तर हात न हलवता तिला जाऊ द्या. बिनविषारी आहे, पण चावते.

इशारा: खाली जाण्यासाठी भराभर खोल श्वास घेऊन दम साठवू नका. त्याने श्वास घेण्याची इच्छा उशिरा होते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. या कामाला बुडी मारायची गरजच नाही.

तपासणी, दर पाच मिनिटांनी: अंगठा करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल, किंवा कॅमेऱ्याचं बटण दोनदा दाबावं लागत असेल, तर बाहेर. कुडकुडायला लागलात तर तपासणीची वाटही बघू नका.

टप्पा ८: बाहेर आल्यावर

खरी थंडी इथे लागते. पाण्यात होतात तोवर वारा नव्हता. ओलं अंग वाऱ्यात आलं की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून आधी माणूस, मग कॅमेरा. ओले कपडे सगळे काढा, पुसा, कोरडे घाला, कानटोपी चढवा, चहा घ्या. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण त्वचेकडे रक्त जाऊन शरीर आणखी थंड होतं.

लगेच मोटरसायकलवर बसू नका. बाहेर आल्यानंतरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान उतरत राहतं. कुडकुडणं पूर्ण थांबेपर्यंत, निदान अर्धा तास, उन्हात बसा. गाडी चालवायचं काम काठावर कोरडा राहिलेल्याकडे द्या.

कॅमेरा बंद केससकट स्वच्छ पाण्याच्या डब्यात घाला, पाण्यातच बटणं दाबून सोडा, म्हणजे फटीतली वाळू निघते. टॉवेलने पुसा आणि तसाच घरी न्या. काठावर "काय आलंय बघू" म्हणून उघडायचा नाही.

टप्पा ९: घरी

केस पूर्ण कोरडी झाल्यावर, तोंड खाली करून उघडा, म्हणजे रिंगमागचं पाणी आत न पडता खाली गळतं. आधी कार्ड, मग बॅटरी बाहेर काढा. रिंग काढून धुऊन सावलीत वाळवा आणि केस थोडी उघडी ठेवूनच कपाटात घाला, दाबून बंद ठेवलेली रिंग चपटी होते.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना आपण तलावात उतरलो होतो हे सांगा. त्यांना ते आपणहून कळणार नाही.

ज्या संस्थेने उतरू दिलं तिला चांगल्या क्लिप मोबाइलवर पाठवा. विशेषतः तळाशी अडकलेली फाटकी जाळी कुठे दिसली ते. त्यांच्या कामाचं असतं ते.

मास्क, ट्यूब, दोरी, बांबू यांना चिकटलेले पाणवनस्पतींचे तुकडे वेचून काढा. हायड्रिला आणि जलपर्णी बारीकशा तुकड्यातूनही वाढतात. पुढच्या रविवारी दुसऱ्या तलावावर जाणार असाल तर सगळं सामान त्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. वेचलेले तुकडे मोरीत टाकू नका, अंगणात उन्हात पसरून द्या.